सतरावे कलम

गवंडीकामाच्या मक्तेदाराने गेल्या वर्षी श्रावणात माझ्या हाती ठेवलेले अंदाजपत्रक मी अजून जपून ठेवले आहे. त्यात एकूण सोळा कलमे आहेत. जुना गिलावा उकलणे, नवा गिलावा चढविणे, शहाबादी फरशी उचलून पुन्हा बसविणे, मोरीच्या भिंतींना लाद्या लावणे, सुताराची दारे, विजेच्या तारांचे नवे जाळे, रंगाचे तीन हात, अशी ती कलमे एखाद्या दफ्तरदाराच्या शिस्तीने एकाखाली एक उतरली असून सोळाव्या कलमास ‘किरकोळ’ असे साधे नाव आहे. त्यापुढील रक्कम मात्र मुळीच किरकोळ नाही. परंतु ही सोळाही कलमे यथासांग पार पडल्यावर, गवंडी आपली थापी आणि ओळंबा घेऊन, सुतार आपला रंधा घेऊन आणि रंगारी आपली शिडी खांद्यावर टाकून निघून गेल्यावर, जे काही घरात मागे उरते त्याची तजवीज कोणी करावयाची, याविषयी त्या कागदावर चकार शब्द नाही. मी तसे विचारले तेव्हा मक्तेदार हसून म्हणाला, “ते काय गुरुजी, एक दिवसाचं काम. झाडून काढलं की झालं.”

त्या एका दिवसाचे पुढे एकोणीस दिवस झाले.

आमचे घर इचलकरंजीच्या गावभागात आहे. पुढे राहते घर, मागे मागांची पडवी, आणि दोहोंच्यामध्ये एकच सामाईक भिंत, ही या गावाची जुनी आणि अजूनही न मोडलेली वहिवाट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगास आश्रय दिला, आणि त्यानंतरच्या शतकभरात हातमागांच्या या गावातील घराघराच्या परसात, गोठ्याच्या जागी, प्रसंगी माजघराच्या जागीही, माग येऊन बसले. त्यामुळे ‘घर’ आणि ‘कारखाना’ या दोन शब्दांत अन्य गावांतील माणसास जे अंतर जाणवते ते आम्हांस जाणवत नाही. आमच्या मातीत झोपेची व्याख्याच मागांच्या खटखटाटातली झोप अशी आहे. माग थांबले की लहान मुले दचकून उठतात. माझ्या वडिलांनी घेतलेल्या चार साध्या मागांचे पुढे आठ झाले, मी शाळामास्तर झाल्याने ते भाड्याने गेले, आणि आज तेथे एक खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक, आपला संसार चालवितो. घराची डागडुजी ही म्हणून केवळ माझ्या घराची बाब नव्हती. सामाईक भिंतीला तडा गेला होता. ती दुरुस्त करावयाची तर माग बंद ठेवणे भाग होते, आणि माग बंद राहतात ते दिवाळीत, कामगार बोनस घेऊन आपापल्या गावी गेलेले असतात तेव्हा. पुढील घराचे काम गणपती विसर्जनानंतर सुरू करून मागील भिंतीचे काम दिवाळीच्या सुटीत उरकावे, असा बेत मी आखला. बेत उत्तम होता. गवंड्याने तो मोडला, हे सांगणे अनावश्यक आहे.

गिलावा उकलू लागल्यावर पहिले काही दिवस मी मोठ्या कुतूहलाने पाहत होतो. भिंतीच्या अंगावरून एकेक काळ उतरत होता. वरचा फिकट हिरवा ऑइलपेंट, त्याखाली पिवळा डिस्टेंपर, त्याखाली निळीची छटा असलेला चुना. तो चुना मला ओळखीचा वाटला. १९७४ साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी भरले, तेव्हा गावातील अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी पाहुणे उतरणार म्हणून वडिलांनी संपूर्ण घर पांढरेशुभ्र करून घेतले होते, आणि चुना निवण्यासाठी ठेवलेल्या पिंपातून येणारी ती गरम वाफ माझ्या अजून नाकात आहे. पण या स्मरणरंजनात एक गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. जुना ऑइलपेंट खरवडताना जी पूड उडते तिच्यात शिसे असण्याचा संभव फार मोठा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे झाला तो २०१६ साली, आणि आमच्या भिंतीवरचा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा होता. रंगाऱ्याचा पोरगा तो कोरड्या काचपेपरने घासत होता आणि तोंडाला त्याने रुमालही बांधला नव्हता. पाणी शिंपडून घासले असते तर पूड चिखल होऊन खाली बसली असती. मी हे त्याला सांगितले. पण सांगितले ते तिसऱ्या दिवशी.

वसुबारसेला गवंडी गेला, भिंतीचा शेवटचा हात सुटीत पुरा करून देण्याचे वचन देऊन. लक्ष्मीपूजन आम्ही राडारोड्यात केले. प्रथेप्रमाणे नवी केरसुणी आणली, तिला हळदकुंकू वाहिले, आणि जिच्यावर ती मांडली ती फळी तेवढी पुसून घेतली. बाकी घरात पाऊल टाकले की पावलाचा ठसा उमटत होता.

भाऊबीज झाल्यावर भिंतही पुरी झाली, आणि मग आक्का आल्या. त्यांचे नाव मी येथे देत नाही. गावभागात, वखारभागात, थोरात चौकाच्या आसपास, जेथे म्हणून नवे बांधकाम किंवा जुन्याची डागडुजी चालते, तेथे त्यांना सगळे आक्काच म्हणतात. तीस वर्षे त्यांनी कांड्या भरल्या. कांड्या भरणे म्हणजे धोट्यात बसणाऱ्या चात्यांवर बाण्याचे सूत गुंडाळणे. या गावात ते काम पूर्वीपासून बायकांचे. बिनधोट्याचे माग आले, त्यांना कांडी लागत नाही, म्हणून कांडीवाल्या बायकांपैकी कित्येकींच्या हातचे काम सुटले. आक्कांनी आणि त्यांच्या तिघी सोबतिणींनी हे दुसरे काम धरले. मला वाटते, ही निवड केवळ नाइलाजाची नव्हती. जी बाई तीस वर्षे तंतूंच्या धुरळ्यात बसून सुताचा गुंता नजरेने ओळखत आली, तिला धुळीचा स्वभाव कळतो.

मी मात्र त्या येण्यापूर्वीच एक मोठा प्रमाद करून बसलो होतो. आमच्या गावी नळाला पाणी रोज येत नाही. कृष्णेवरच्या मजरेवाडीहून आणि पंचगंगेतून येणारे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळते, आणि ज्या पहाटे ते येते त्या पहाटे गृहिणींच्या हालचालींत एखाद्या मोहिमेची लगबग असते. त्या दिवशी योगायोगाने पाणी आले होते. पिंपे भरून वाहू लागली, आणि असा सुयोग पुन्हा कधी, या विचाराने मी माजघराच्या नव्याने बसविलेल्या फरशीवर चार बादल्या ओतून खराटा मारावयास सुरुवात केली. आक्का दारातच थबकल्या.

“पाणी नगा मारू, गुरुजी. दूध हुतंय त्याचं.”

खरोखरच दूध झाले होते. सिमेंटची पूड पाण्यात मिसळून पांढुरका ओघळ फरशीच्या सांध्यासांध्यांतून पसरला होता, आणि तो वाळल्यावर काय होते हे ज्याने एकदा पाहिले तो पुन्हा ही चूक करीत नाही. सिमेंटला पाणी मिळाले की ते घट्ट होते, हा तर त्याचा धर्मच. तो ते भिंतीत पाळते तसाच फरशीवरही पाळते. दुसऱ्या दिवशी त्या ओघळाचा एक पातळ, राखी पापुद्रा सर्व फरशीवर बसला होता, आणि तो काढण्यासाठी चौघींना दीड दिवस गुडघ्यांवर बसावे लागले.

येथे मला पुराची आठवण होते, आणि ती अस्थानी नाही. पंचगंगेने २००५ साली, नंतर २०१९ साली, आणि पुन्हा २०२१ साली काठच्या वस्तीत शिरून घरांत गाळ भरला, तेव्हा आक्का आपल्या बहिणीचे नदीकाठचे घर साफ करण्यास गेल्या होत्या. पुराच्या गाळाचा नियम नेमका उलटा: तो ओला असतानाच, पूर ओसरत असतानाच, त्याच पाण्याने लोटून द्यावयाचा, एकदा वाळला की तो भिंतीला धरतो आणि मग त्याची ढेकळे फोडावी लागतात. “गाळाला वाळू द्यायचं न्हाई, आणि शिमिटाला भिजू द्यायचं न्हाई,” असे त्यांनी मला बजावले.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने काम मांडले. वखारीतून लाकडाचा भुसा पोतेभर आणविला. त्यावर पाण्याचा नुसता हबका मारला, इतका की मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण थेंब गळू नये. तो भुसा फरशीभर पसरला, आणि केरसुणीने हलक्या हाताने एका दिशेने ओढीत नेला. ओलसर भुसा धुळीला धरतो, हवेत उडू देत नाही, आणि सिमेंट भिजेल इतका ओलावाही देत नाही. जेथे भुसा पुरला नाही तेथे समोरच्या चहाच्या गाड्यावरून उकळलेल्या चहाचा चोथा आणला. मी आत जाऊन लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी आणून दिली, तर ती त्यांनी परत केली. लक्ष्मीला सिमेंटात घालू नये म्हणे. त्यांनी आपली झिजलेली, टोकाला बोथट झालेली केरसुणी काढली. झिजलेल्या केरसुणीचे टोक धुळीला उडवीत नाही, हे त्यामागचे दुसरे कारण मला मागाहून उमगले.

काम वरून खाली. आधी छत, मग तुळया, मग दारांच्या चौकटींची माथी, मग भिंती, मग खिडक्यांच्या सळ्या, आणि सर्वांत शेवटी जमीन. हा क्रम सांगावयास सोपा आणि पाळावयास अवघड, कारण घरातल्या प्रत्येकाचा डोळा जमिनीवर असतो आणि जमीन स्वच्छ दिसली की घर स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. पहिल्या दिवशी सायंकाळी फरशी चकचकीत दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पुन्हा पिठासारखा थर. मला वाटले, रात्री कोणी खिडकी उघडी टाकली. आक्कांना त्याचे काहीच नवल वाटले नाही. “वरचं खाली आलं,” एवढेच त्या म्हणाल्या.

या तीन शब्दांत जे पदार्थविज्ञान आहे ते मी नंतर कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिले, कारण शाळामास्तराची खोड जात नाही. वाळूचा म्हणजे गारेच्या दगडाचा जो कण ५० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे माणसाच्या केसाहून थोडा बारीक, तो दहा फूट उंचीवरून स्थिर हवेत पंधरा-वीस सेकंदांत खाली येतो. दहा मायक्रॉनच्या कणास सहा-सात मिनिटे लागतात. आणि एक मायक्रॉनचा कण, जो डोळ्यांस एकेकटा कधीच दिसत नाही, तो तेवढेच अंतर उतरण्यास नऊ-दहा तास घेतो. मध्ये कोणी दार लोटले, पंखा लावला, लेकरू धावत गेले, की त्याचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सायंकाळी झाडताना जे उडाले ते पहाटेपर्यंत उतरत होते. आणि हे जे सर्वांत बारीक, सर्वांत शेवटी उतरणारे, तेच श्वासावाटे फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचते. फरशी कापणाऱ्याच्या कटरमधून, भिंतीत विजेच्या नळ्यांसाठी खाच पाडणाऱ्या यंत्रातून जो पांढरा लोट निघतो त्यात हीच दगडाची पूड असते, आणि ती वर्षानुवर्षे छातीत साठली की जो रोग होतो त्यास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उतारा नाही. कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरली तर त्या लोटाचा बराच भाग जागीच बसतो. आमच्याकडे पाणी नव्हते असे नाही. धार धरणारा माणूस नव्हता.

धुळीने होणाऱ्या रोगांशी या गावाचा परिचय नवा नाही. कापसाच्या धुरळ्याने होणारा बिसिनोसिस हा सूतगिरण्यांचा आणि मागांचा जुना सोबती. त्याचे लक्षण मोठे विलक्षण, की सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढील दिवसांत ती सैल होत जाते. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात ताग-जवसाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आणि पाथरवटांची छाती या दोहोंचीही नोंद आहे; आणि रोग्याला ‘तुझा धंदा कोणता’ हे वैद्याने अवश्य विचारावे असे त्याने सांगून ठेवले. आक्कांचा धंदा कोणता, हे आज कोणत्या दवाखान्याच्या केसपेपरवर काय म्हणून लिहिले जात असेल? घरकाम, बहुधा. मी त्यांना औषधाच्या दुकानातून एन-९५ मुखपट्ट्या आणून दिल्या; चौघींपैकी दोघींनी त्या दिवसभर ठेवल्या, आक्कांनी तासाभरात उतरवून पदर तोंडाशी घेतला. गुदमरते, म्हणाल्या. पदराच्या विणीतून बारीक धूळ सहज पार होते, हे कापडाच्या गावातील बाईला मी काय समजावणार? तिला ते माझ्याहून अधिक ठाऊक.

आता जो प्रसंग सांगावयाचा आहे त्यात दोष माझा, आणि ज्याने तो प्रत्यक्ष घडविला त्या मिस्त्रीचे नाव घेण्यात हशील नाही. मागल्या ओटीवर मात्र तो सिमेंटचा पापुद्रा निघता निघेना, तेव्हा फरशीवाल्या मिस्त्रीला मी बोलावले, आणि त्याने बाटलीतून ॲसिड आणून तेथे ओतले. ॲसिड सिमेंटला खाते, हे खरे. पण शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड आहे. कडप्पाही तसाच, कोटाही तसाच, संगमरवर तर आहेच. ॲसिड पडताच फरशीवर फस्सकन् फेस आला, मिस्त्रीने तो मळ निघत असल्याची खूण म्हणून मला अभिमानाने दाखविला, आणि प्रत्यक्षात निघत होती ती माझी फरशी. वाळल्यावर तेथे हात फिरविला तर काचपेपरसारखी खरखर लागली. तीन ठिकाणी ते डाग अजून आहेत, आणि त्यांवर पाट मांडून आम्ही जेवावयास बसतो.

खरा अनर्थ भिंतीपलीकडे झाला. ओटीचे दार मागांच्या पडवीत उघडते. ॲसिडची वाफ रात्रभर त्या दारातून आत गेली. साध्या मागावर ताण्याचे दोर ज्या पोलादी फणीतून ओवलेले असतात तिच्या काड्या सुईहून पातळ असतात. वहिफणी करणारे कामगार एकेक दोर त्यांतून हुकाने ओढून घेतात, आणि एक बीम भरून घेणे म्हणजे हजारो दोरांचे काम. सकाळी खर्चीवाला भाडेकरू आला, त्याने मागावरचा पडदा उचलला, आणि फणीवर पिंगट ठिपके पाहून तो काही न बोलता खाली बसला. गंजलेल्या फणीतून दोर गेला की दोर तुटतो. तुटला नाही तर कापडावर तांबडी रेघ उमटते, आणि असे डागी कापड व्यापारी घेतो ते घसाऱ्याने. दोन मागांच्या फण्या बदलाव्या लागल्या, वहिफणी नव्याने करवून घ्यावी लागली. तो खर्च मी दिला. त्याने नको म्हटले, मी दिला, आणि तरीही पुढले काही दिवस तो माझ्याशी बोलताना ‘गुरुजी’ऐवजी ‘घरमालक’ असा उल्लेख करीत असे, तो मला पैशांपेक्षा अधिक लागला.

पडवीची साफसफाई हे घराच्या साफसफाईहून स्वतंत्र शास्त्र निघाले. भिंत फोडण्यापूर्वी माग जुन्या चादरींनी झाकले होते. पण धूळ झाकणीच्या विणीतून, कडेच्या फटीतून, आपली वाट शोधतेच. भाडेकरूचा विचार असा, की कॉम्प्रेसरने हवा मारून सर्व मागांवरची धूळ एकदाची उडवून टाकावी, जसे तो दर आठवड्यास तंतूंचा धुरळा उडवितो. त्याचा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारा कारागीर, साठीच्या घरातला, अबोल माणूस, त्याने नळीवर हात ठेवला. त्याने आपल्या चिमटीत मागाच्या बुशजवळचा तेलकट मळ घेतला आणि माझ्या अंगठ्यावर चोळला. करकर झाले. कापसाचा तंतू तेलात पडला तर नुसता चिकटा होतो, हवेने नाही तर चिंधीने निघतो. पण दगडाची पूड तेलात पडली की तिचे व्हॉल्व्ह घासण्याच्या मलमासारखे मलम होते, आणि चालत्या मागात ते मलम लोखंडाला अहोरात्र घासत राहते. हवा मारली असती तर जी पूड अजून वरवर होती ती बुशमध्ये, दातरीच्या चाकांत जाऊन बसली असती. म्हणून आधी सुकी चिंधी, मग रॉकेलचा बोळा, मग नवे तेल, आणि हवा सर्वांत शेवटी. आठ मागांस त्या दोघांना चार दिवस लागले. चिंध्यांची ददात या गावात नाही, एवढी एक सोय. पण तेला-रॉकेलाने माखलेले बोळे जॉबरने कोपऱ्यात साचू दिले नाहीत. रोज संध्याकाळी बाहेर नेऊन पत्र्याच्या डब्यात पाण्याखाली ठेवले. तंतूंच्या पडवीला आग किती लवकर लागते, हे त्याने तरुणपणी पाहिले असावे. मी विचारले नाही.

एवढे होईपर्यंत बाहेर रस्त्यावर राडारोड्याचा ढीग माझी वाट पाहत होता. भिंतीवर असताना गिलावा जेवढा दिसतो त्याच्या दीडपट तो उतरल्यावर होतो. टेंपोवाल्याने नुसत्या नजरेने ‘दोन ब्रास, वर थोडं’ असा अंदाज दिला आणि तो बिनचूक ठरला. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा वजनाने सारे मिळून आठ-नऊ टन तरी असावे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली जे नियम केले, त्यांत दिवसाला २० टन किंवा एका कामावर महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा असे चार वेगळे ढीग करावेत असे फर्मावले होते. माझ्यासारखा आठ टनांचा माणूस त्या दंडकाखाली येत नव्हता. पण रस्त्यावर, गटारात, ओढ्यात टाकू नये, हे बंधन त्यालाही होतेच. नियम चांगले होते. परंतु चार ढीग वेगळे करण्याचे काम नियमाने सांगावयाच्या आधीपासून आमच्याकडे होत आले आहे, आणि ते दयेपोटी नव्हे तर दमडीपोटी. सागवानी चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत गेल्या. सळ्या, बिजागऱ्या, एका मोडक्या मागाचा बिडाचा सांगाडा भंगारवाल्याने तोलून नेला. अखंड विटा शेजारच्या गल्लीतील एकाने कुंपणासाठी मागून घेतल्या. आणि विटांचे तुकडे कबनूरकडे कोणाच्या तरी जोत्याच्या भरावात पडले. ज्याला गिऱ्हाईक नाही तेच शेवटी उरते. आमच्याकडे उरले ते रंगाचे खरवड, लाद्यांचे तुकडे, आणि पडवीच्या छपराचे फुटलेले सिमेंटचे जुने पत्रे.

या पत्र्यांविषयी सावकाशीने सांगितले पाहिजे, कारण गावात मागांच्या शेडवर ते अजून पुष्कळ आहेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेल तोवर ते सिमेंटात बांधलेले. पत्रा फोडला, कापला, घासला, की सुटतात, आणि एकदा छातीत शिरले की वीस-तीस वर्षांनीही घात करतात. म्हणून तो पाणी शिंपडून भिजवावा, नटबोल्ट सोडवून अखंड उतरवावा, आणि गुंडाळून ठेवावा. हातोड्याने तुकडे करून पोत्यात भरू नये. आमचे पत्रे हातोड्याने फोडले गेले होते. टेंपोवाला ते न्यावयास तयार नव्हता. अखेर ते तुकडे भिजवून, जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत बांधून, परसाच्या कोपऱ्यात ठेवले आहेत आणि महानगरपालिकेच्या उत्तराची वाट पाहत आहेत. आमची नगरपालिका २०२२ साली महानगरपालिका झाली. उत्तरे त्यामानाने हळूहळू मोठी होतील.

पैशाचा हिशेबही मांडला पाहिजे. गवंड्याला त्या मोसमात रोजास जे मिळत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी आक्कांनी मागितले, आणि मागताना त्यांना संकोच झाला. गवंड्याच्या कामास मोजमाप आहे: इतके चौरस फूट, इतका दर. रंगाऱ्यासही आहे. विणकराची मजुरी तर पिकांवर, म्हणजे इंचात बाण्याचे किती दोर बसले त्यावर मोजतात. या गावाइतके बारीक मोजमाप मजुरीला क्वचितच कोठे असेल. पण काढून टाकलेली धूळ कशाने मोजावयाची? काम उत्तम झाले याचा पुरावा एवढाच, की तेथे काही दिसत नाही. मी आक्कांस म्हटले, तुम्ही चौरस फुटावर दर सांगत जा, वर छताचा वेगळा, खिडक्यांचा वेगळा. त्यांनी हे ऐकून घेतले, आणि मागची एक बाई पदराआड हसली. परंतु पुढच्या घरी त्यांनी खिडक्यांचा वेगळा दर सांगितला, असे मला कळले. मान्य झाला की नाही ते कळले नाही.

माग सुरू झाले ते कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. जॉबरने प्रत्येक माग आधी हाताने फिरवून पाहिला, कान लावला, मग बटण दाबले. पहिला वीतभर कापडाचा पट्टा त्याने प्रकाशासमोर धरला, उलटसुलट केला, आणि भाडेकरूकडे न बघता मान हलविली. घरात पुष्कळ दिवसांनी खटखट ऐकू आली आणि त्या रात्री मी गाढ झोपलो.

काम संपले असे समजून मी आक्कांचा हिशेब पुरा करावयास निघालो, तर त्यांनी निम्मेच पैसे घेतले. “आठ दिसांनी येतो की परत. वरचं अजून खाली यायचं हाय.” मला वाटले, हा एक सभ्यपणे सांगितलेला पुढचा वायदा. बरोबर आठव्या दिवशी सकाळी त्या एकट्याच आल्या. चहा घेतला नाही. माजघराच्या मधल्या दाराशी उभ्या राहिल्या, टाचा उंच करून चौकटीच्या माथ्यावरून बोट फिरविले, ते बोट उजेडात धरून काही वेळ पाहिले, आणि मला म्हणाल्या, “स्टूल द्या, गुरुजी.”